जुनी मोटार, नवा पट्टा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आलापल्ली मागें टाकून भामरागडकडे निघालें म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांस सागाचें जंगल सुरू होतें, आणि जसजसें पुढें जावें तसतशी वस्ती विरळ होत जाते. साठ-पासष्ट किलोमीटरांची ही वाट. तिच्या शेवटाकडे हेमलकसा लागतें, आणि तेथून अवघ्या तीन किलोमीटरांवर भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तीन नद्यांचा संगम येथें होतो. पलीकडे छत्तीसगडची हद्द. पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर चढला कीं गांवाचा इतर जगाशीं संबंध तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षें वाचीत आलों आहों. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली, त्या वेळीं तर ह्या भागांत धड रस्ताच नव्हता.

ह्या वाटेनें एकदां आमच्या घरच्या जुन्या जीपगाडीनें जावें असें माझ्या मनांत पुष्कळ दिवस होतें. आमची जीप साठ वर्षांहून अधिक वयाची आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यासाठीं जी गाडी निर्माण झाली, तिच्याच वंशांतली ही. चाळिशीच्या अखेरीस महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिजच्या जीपगाड्यांची जुळणी आरंभिली; पुढें त्या येथेंच तयार होऊं लागल्या, आणि जंगलखात्याच्या अंमलदारापासून पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरापर्यंत ज्याला म्हणून कच्च्या रस्त्यानें जावें लागे, त्याच्या दारांत ती उभी दिसूं लागली. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला १९८२ सालीं; त्यापूर्वींच्या जुन्या चांदा जिल्ह्याचीं जंगलें ज्या चाकांनीं तुडविलीं, त्यांत हिच्या भावंडांचीं चाकें पुष्कळ होतीं. आमची गाडी वडिलांनीं सरकारी लिलावांत घेतली. तेव्हांपासून घरांतील एक वडीलधारें माणूस असल्याप्रमाणें तिची उठबस आम्ही करीत आलों.

बेत ठरला, सामान निघालें, आणि सूनबाईनें एक साधा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जीप घेऊन खुशाल जा. पण आमचा मुलगा तींत कशाला धरून बसणार, एवढें मला सांगा." मीं उत्तर दिलें तें आतां सांगावयास मला संकोच वाटतो. मी म्हणालों, "अग, साठ वर्षांत हिच्यांतून कोणी पडलें नाहीं." ती कांहीं बोलली नाहीं. ज्या घरांत तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्या घरांत असलें उत्तर देऊन मी कसा मोकळा झालों, ह्याचा विचार मला रात्रीं करावा लागला.

आमच्या जीपला सीटबेल्ट, म्हणजे सुरक्षेचे पट्टे, नव्हतेच. युद्धकाळांतल्या मूळ जीपला दाराच्या मोकळ्या जागीं आडवा अडकविण्याचा एक कापडी पट्टा असे. परंतु तो वळणावर शिपाई बाहेर कलंडूं नये एवढ्यापुरता. गाडी समोरून आदळली तर माणसाला धरून ठेवण्याचें काम त्याचें नव्हतें.

हें धरून ठेवणें म्हणजे नेमकें काय, तें आधीं पाहूं. ताशीं ५० किलोमीटर हा वेग आज कोणास वेग वाटत नाहीं. परंतु त्या वेगांत मनुष्य दर सेकंदास सुमारें १४ मीटर पुढें जात असतो. तेवढ्या वेगानें समोर आदळणें आणि सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, जमिनीवर पडणें हीं दोन्ही एकच. गाडी झाडावर आदळून थांबते, पण आंतला मनुष्य थांबत नाहीं. तो त्याच वेगानें पुढें जातो, आणि स्टिअरिंग, डॅशबोर्ड किंवा कांच त्याला थांबविते. तें थांबणें चार-पांच सेंटिमीटरांत होतें. तोच मनुष्य पट्ट्यानें गाडीशीं बांधलेला असला तर गाडीचा पुढचा भाग चेपत असतां तिच्याबरोबर तोही थांबत जातो. शिवाय पट्टा स्वतः थोडा ताणतो. समजा, अशा रीतीनें त्याला अर्धा मीटर अंतर मिळालें. तेवढ्यानेंहि साठ किलो वजनाच्या माणसाचा भार पट्ट्यावर सुमारें बाराशें किलो पडतो. अर्धा मीटर मिळून बाराशें किलो, तर पांच सेंटिमीटरांत किती, हें श्रोत्यांनीं स्वतःच दहानें गुणून पाहावें.

ह्या एका हिशेबानें दोन भाबड्या समजुती निकालांत निघतात. "मी हातांनीं घट्ट धरीन" ही पहिली. बाराशें किलो धरून ठेवणारे हात कोणास मिळालेले नाहींत. दुसरी समजूत आयांची आणि आजोबांची : "मूल मांडीवर आहे, मीं त्याला धरलें आहे." दहा किलोचें मूल त्या क्षणीं दोनशें किलोचें होतें. सूनबाईच्या प्रश्नाचें खरें उत्तर हें होतें.

दुसऱ्याच आठवड्यांत मी एका कारखान्यांत गाडी नेली. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें अर्ध्या दिवसांत दोन नवे चकचकीत पट्टे बसवून मिळाले. काळा पट्टा, लाल बटण, टक्‌ असा समाधानकारक आवाज. मी आनंदानें घरीं आलों आणि सर्वांना तो आवाज ऐकविला.

त्यानंतर ब्रेकांच्या कामासाठीं गाडी आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या फिटरकडे गेली. त्यानें पट्टा हातांत घेऊन पाहिला आणि विचारलें, "साहेब, हा पट्टा कोणाला बांधला आहे?"

मी म्हणालों, "मला. आणखी कोणाला?"

"तुम्हांला नाहीं साहेब, खुर्चीला बांधला आहे. आणि खुर्ची कशाला बांधली आहे?" असें म्हणून त्यानें चालकाशेजारच्या आसनाच्या पाठीस एक बोट लावलें. आसन मुकाट्यानें पुढें ओणवें झालें. ज्यांनीं जुनी जीप पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल कीं मागें चढावयास वाट व्हावी म्हणून हें आसन पुढें दुमडतें. ज्या आसनाला एक बोट पुरें, त्याच्या नळीला बाराशें किलो पेलणारा पट्टा अडकविलेला होता! अपघात झाला असता तर पट्टा, खुर्ची आणि मी असे तिघेही मिळून पुढें गेलों असतों. वर खुर्चीचें वजन माझ्या पाठीवर.

जुन्या मोटारीच्या पट्ट्याविषयीं जें काय सांगावयाचें तें सारें त्या एका बोटांत आलें. पट्टा कितीहि उत्तम असो, तो ज्याला बांधला त्याच्यापेक्षां अधिक बळकट होत नाहीं. नव्या मोटारींत ही काळजी कारखान्यानें आधींच घेतलेली असते. जेथें पट्टा बसवावयाचा तेथें जाड पोलादाची बैठक अंगांतच घडविलेली असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें प्रवासी मोटारींतल्या केवळ कमरेच्या पट्ट्याच्या जागेची परीक्षा होते, तेव्हां तिच्यावर सव्वादोन टनांच्या आसपास ओढ देऊन पाहतात. साठ वर्षांपूर्वींच्या गाडींत असली बैठक नसते, कारण त्या काळीं ती कोणी मागितलीच नव्हती. तळाचा पत्रा असतो खरा. पण त्याला भोंक पाडून, लहानसा वायसर घालून बोल्ट आवळला, तर झटक्यासरशीं वायसरसुद्धां सगळा बोल्ट कागदांतून टांचणी निघावी तसा पत्र्यांतून उपसून येतो.

म्हणून बोल्टाखालीं पोलादी पट्टी हवी. मोटार-शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्या पट्टीचें माप दिलेलें आहे : निदान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ आणि निदान ३ मिलिमीटर जाडी. ती पत्र्याच्या खालच्या अंगास, म्हणजे ओढीच्या विरुद्ध बाजूस, बसवावयाची. कोपरे गोल घासून घ्यावयाचे, नाहीं तर तेच पत्रा कापतात. बोल्ट सात सोळांश इंचाचा, बारीक आट्यांचा आणि उच्च प्रतीच्या पोलादाचा; हार्डवेअरच्या दुकानांत किलोवर मिळणारा नव्हे. ह्याहूनहि चांगलें म्हणजे पत्र्यावर विसंबूंच नये आणि पट्टीचा सांधा खालच्या चासीशीं जोडावा. जीपची चासी हा दोन जाड लोखंडी तुळयांचा सांगाडा आहे. गाडींत खरें बळ आहे तें तेथेंच.

मात्र जीपच्या बाबतींत येथें एक धोका आहे, आणि तो घाईनें काम करणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. हिची पेट्रोलची टांकी चालकाच्या आसनाच्या अगदीं खालीं असते. तेथें छिद्रयंत्र चालविणें किंवा वेल्डिंगची ठिणगी पाडणें म्हणजे काय होईल, तें सांगावयास नको. आमच्या फिटरनें प्रथम टांकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोंकास नेऊन ठेविली, आणि मगच हत्यार हातीं घेतलें. पहिल्या कारखान्यांत ती उतरविली होती कीं नाहीं, हें विचारावयाचें धैर्य मला आजतागायत झालेलें नाहीं.

टांकी निघाली तेव्हां दुसरी गोष्ट उघडकीस आली. वरून रबराची चटई, खालून चिखल आणि डांबरी रंग. ह्या दोहोंमध्यें चालकाच्या बाजूचा पत्रा गंजून जाळीदार झालेला होता. फिटरनें पेंचकसाचें टोंक टेकतांच तें आरपार गेलें. आधीं तो भाग कापून नवा पत्रा बसविणें भाग पडलें. जुन्या गाडीला पट्टे लावूं इच्छिणाऱ्यानें पट्ट्यांची किंमत विचारण्यापूर्वीं गाडी उचलून तिचा तळ ठोकून पाहावा; निम्मा खर्च बहुधा तेथेंच निघतो.

जीपचें निदान अंग तरी पोलादाचें आहे. १९२० ते १९३५ च्या सुमाराच्या ज्या देखण्या गाड्या मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांतून आपण पाहतों, त्यांपैकीं कित्येकांचें अंग म्हणजे लांकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. नव्वद-शंभर वर्षांचें लांकूड, त्यावर स्क्रू, आणि त्या स्क्रूवर मनुष्याचा जीव, हा हिशेब जुळत नाहीं. तेथें तळाखालून एका चासी-तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत आडवी पोलादी पट्टी टाकून पट्टे तिलाच बांधावे लागतात. हें न साधेल तर त्या गाडीला पट्टा नसलेला बरा, आणि ती मिरवणुकीच्या चालीनेंच चालवावी, असें माझें मत आहे. खोटा पट्टा मनुष्याला निर्धास्त करतो, आणि निर्धास्त मनुष्य वेग वाढवितो.

आतां पट्टा अंगावर कसा बसावा तें. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर खालीं ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंस जीं टणक हाडें लागतात, त्यांवर बसावयास हवा. ती ओढ हाड सोसतें. यकृत आणि आंतडीं सोसत नाहींत. त्यासाठीं पट्टा आसनाच्या बगलेंतून खालीं आणि मागें, जमिनीशीं पंचेचाळीस अंश किंवा त्याहून कांहींसा उभा, असा जावयास हवा. तो फार आडवा गेला तर झटक्यांत मनुष्य पट्ट्याखालून पुढें घसरतो, आणि पट्टा पोटांत रुततो.

खांद्याच्या पट्ट्याची गोष्ट याहून अवघड. नुसता कमरेचा पट्टा असला तर मनुष्य गाडींत राहतो, परंतु कमरेंतून वांकून त्याचें डोकें पुढें जातें. आणि जीपमध्यें पुढें काय आहे? स्टिअरिंगचा अखंड लोखंडी दांडा, आणि उघडा पत्र्याचा डॅशबोर्ड. तेव्हां छाती धरणारा तिरपा पट्टा हवाच. नव्या मोटारींत तो दोन दारांमधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीवर, बसविलेला असतो. उघड्या जीपला असा खांबच नाहीं. कांहीं लोक युक्ति म्हणून हा पट्टा खांद्यावरून मागें घेऊन सरळ तळाच्या पत्र्याला बांधतात. ही युक्ति घातक आहे. कारण ओढ बसतांच तो पट्टा खांदा मागें न ओढतां खालीं दाबतो आणि सगळा भार पाठीच्या कण्यावर उभा पडतो.

येथें एक जुना आक्षेप आठवतो. "पट्टा नसला तर मनुष्य बाहेर फेंकला जाऊन वांचतो, पट्ट्यानें तो आंत अडकून मरतो," असें पुष्कळ वडील माणसें सांगतात. बंद मोटारीपुरता हा आक्षेप साफ चुकीचा आहे. बाहेर फेंकला गेलेला मनुष्य आंत राहिलेल्यापेक्षां किती तरी अधिक वेळां दगावतो, हें अपघातांच्या अभ्यासांतून पुनःपुन्हां दिसून आलें आहे. परंतु उघड्या जीपपुरता त्यांत थोडा अंश खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. डोक्यावर छत म्हणून कापड असलेली गाडी उलटली आणि मनुष्य तींत बांधलेला असला, तर त्याच्या आणि जमिनीच्या मध्यें कांहींच नाहीं. ह्यावर उपाय म्हणजे आसनांच्या मागें जाड नळीची कमान उभी करणें, तिचे पाय चासीवर टेकविणें आणि मागून तिला तिरपे टेकू देणें. तिच्यावर जाड मऊ वेष्टन हवें, नाहीं तर तीच डोक्याला लागते. अशी कमान झाली कीं तिच्या आडव्या नळीला खांद्याचा पट्टा योग्य उंचीवर बांधतां येतो. एकाच खर्चांत दोन्ही प्रश्न सुटतात. मात्र गाडीचें रूप बदलतें. मी त्या रूपासाठीं दोन रात्री झुरलों, हें कबूल करतों.

ज्या तिहेरी पट्ट्याला आज आपण सीटबेल्ट म्हणतों, तो फार जुना नाहीं. १९४९ सालीं अमेरिकेंत नॅश कंपनीनें कमरेचे पट्टे देऊं केले, तेव्हां गिऱ्हाइकांना ते आवडले नाहींत. जॉन पॉल स्टॅप नांवाच्या अमेरिकन वायुदलांतील डॉक्टरानें १९५४ सालीं अग्निबाणाच्या गाड्यावर स्वतःला पट्ट्यांनीं जखडून घेऊन ताशीं हजार किलोमीटरांवर वेग गांठला आणि दीड सेकंदाच्या आंत तो थांबला. तो जिवंत राहिला, व नीट बांधलेलें शरीर किती सोसूं शकतें हें जगास कळलें. पुढें नील्स बोलिन ह्या स्वीडिश इंजिनियरानें व्होल्व्हो कंपनींत १९५९ सालीं कंबर आणि छाती एकाच पट्ट्यानें धरणारी, एका हातानें बांधतां येणारी रचना केली. हा गृहस्थ पूर्वीं लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर उडविणारीं आसनें बनवीत असे. मनुष्याला बाहेर फेंकण्याची विद्या ज्यानें केली, त्यानेंच त्याला आंत धरून ठेवण्याची युक्ति काढावी, हा योग मोठा गमतीचा आहे. कंपनीनें ती रचना इतर कारखानदारांना मोकळी करून दिली. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें पट्टा बांधणें सक्तीचें करणारा कायदा केला.

आपल्याकडे १९९४ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे असणें आवश्यक झालें. गाडींत पट्टे असून ते न बांधल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें एक हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालील मुलांना पट्ट्यानें किंवा त्यांच्यासाठींच्या खास आसनांत बांधलें पाहिजे, असेंहि ती दुरुस्ती सांगते. परंतु कायद्यापेक्षां एका घटनेनें महाराष्ट्राला अधिक शिकविलें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. गाडी अत्यंत आधुनिक होती. मागें बसलेल्या दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते, ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वांचले. त्यानंतर मागच्या आसनावरही पट्टा असतो, हें पुष्कळांना प्रथमच आठवलें.

जी गाडी नियम होण्यापूर्वींच बनली, तिच्या मालकाला मागाहून पट्टे बसवा असें कायदा म्हणत नाहीं. उलट, हौशी लोकांनीं दुसऱ्या एका नियमाकडे लक्ष द्यावें. २०२१ सालापासून पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी करतां येते. तिच्या क्रमांकांत 'व्हीए' हीं अक्षरें येतात, पहिल्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, आणि दाखला दहा वर्षें चालतो. परंतु अशा गाडीची चासी, अंग आणि इंजिन मूळ स्वरूपांत असलें पाहिजे, त्यांत मोठा फेरफार झालेला चालत नाहीं. शिवाय ती नित्याच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, संचलन, दुरुस्ती, पेट्रोल भरणें एवढ्यापुरतीच ती निघावयाची. तेव्हां ज्याला ही नोंदणी हवी, त्यानें कमान किंवा पट्ट्या बसविण्यापूर्वींच परिवहन कार्यालयास विचारून घ्यावें. आम्हांला गाडी भामरागडला न्यावयाची होती. आम्हीं तिची साधीच नोंदणी ठेवली.

शहरांत राहणाऱ्या माणसाला ह्या सगळ्या खटाटोपाचें आश्चर्य वाटेल. "त्या रस्त्यानें तुम्ही तीस-चाळीसच्या वर जाणार नाहीं, मग एवढें कशाला?" असें माझ्या एका स्नेह्यानेंही विचारलें. ताशीं चाळीस म्हणजे सहा मीटरांवरून पडणें, हें एक उत्तर झालें. दुसरें उत्तर त्या प्रदेशानेंच दिलें पाहिजे. नागपुरांत जबडा मोडला तर अर्ध्या तासांत मनुष्य मोठ्या रुग्णालयांत पोंचतो. आलापल्ली आणि हेमलकसा यांच्या मध्यें, सागाच्या रानांत, संध्याकाळच्या सहा वाजतां तोच जबडा मोडला, तर त्याची किंमत वेगळी होते. हेमलकशाला आमटे मंडळींचा दवाखाना आहे, आणि त्यानें हजारों माडिया कुटुंबांना आधार दिला हें खरें; पण डोक्याच्या दुखापतीवर मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर चंद्रपूर किंवा नागपूरच गांठावें लागतें. दवाखाना जितका दूर, तितका पट्टा जवळचा.

आमचें काम पुरें व्हावयास जवळजवळ महिना लागला. तळ नवा झाला, चार बोल्ट चासीच्या आधारानें बसले, कमान उभी राहिली, दुमडणाऱ्या आसनाला खालून कडी लागली. पट्टे नवेच घेतले. भंगारांत मिळणारे पट्टे स्वस्त असतात. पण ज्या गाडीचें भंगार झालें तिचा पट्टा एकदां ताणलेला असण्याचा संभव मोठा, आणि एकदां ताणलेला पट्टा बाहेरून धड दिसला तरी आंतून गेलेला असतो. उन्हानेंही त्याचे धागे कुजतात. उघड्या गाडींत तर अधिकच.

राहतां राहिला नातू. जीपच्या मागच्या भागांत चाकांवर दोन आडव्या बाकड्या असतात. बसणाऱ्याचें तोंड बाजूला. अशा बाकड्यावर पट्टा बांधला तरी झटक्यांत शरीर कुशीवर पिळवटतें. तेथें मूल बांधण्याची कोणतीही चांगली रीत मला सांपडली नाहीं, फिटरलाही नाहीं. मीं सूनबाईला तसें सांगितलें. ती म्हणाली, "मग तो आमच्या गाडींत, त्याच्या खुर्चींत बसेल, आणि तुमच्या मागें येईल." तसेंच झालें. पुढें जीपमध्यें आम्ही दोघे म्हातारे, पट्टे बांधून. मागें मुलाच्या बंद मोटारींत नातू, सबंध वाटभर आजोबांच्या गाडींत बसण्याचा हट्ट करीत.

त्या वाटेवर आम्हांला प्रवासी जीपगाड्या भेटल्या. आंत आठांच्या जागीं पंधरा, मागच्या पायरीवर आणखी तिघे उभे, एक हात टपाच्या दांड्याला. बाजारचा दिवस होता आणि दुसरें वाहन नव्हतें. त्यांना पट्ट्याची गोष्ट सांगण्याचा अधिकार मला कोठून येणार? त्यांना आधीं बसावयास जागा हवी.

आलापल्लीच्या पुढें एका रपट्यापाशीं झाडींतून दोन बैल अचानक रस्त्यावर आले. पत्नी गाडी चालवीत होती. तिनें ब्रेकवर पाय दिला. ह्या गाडीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, पट्ट्यानें ते कांहीं सुधारत नाहींत. गाडी थोडी तिरपी होऊन थांबली. वेग पंचवीसच्या वर नसेल. माझा चष्मा निघून पायांशीं पडला, डब्यांतले लाडू पुढें आले, आणि आम्ही दोघे होतों तेथेंच बसून राहिलों. बैलांनीं आमच्याकडे पाहिलें आणि ते सावकाश पलीकडे गेले.

भामरागडला संगमावर दोन दिवस काढून आम्ही परत आलों. आल्याबरोबर फिटरनें गाडी वर चढवून प्रत्येक बोल्टाला पाना लावून पाहिला. तीन घट्ट होते. चवथा, चालकाच्या डाव्या अंगाचा, पाव फेरा सुटलेला निघाला. त्यानें तो काढला, दुसऱ्या चाकीनें आंवळून पक्का केला, त्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली, आणि दर लांबच्या प्रवासानंतर ही रेघ सरकली आहे काय तेवढें पाहात चला, असें मला सांगितलें.